एक गाणं राखीव

गाण्याच्या कार्यक्रमाला जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. जे गाणं हमखास होणार ते ऐकायला जाणारी, आणि जे गाणं हमखास होणार नाही ते ऐकायला जाणारी. पहिल्या प्रकारची माणसं तृप्त होऊन बाहेर पडतात, टॅक्सीत तेच गाणं गुणगुणतात आणि घरी येऊन शांत झोपतात. दुसऱ्या प्रकारची माणसं शेवटपर्यंत खुर्चीच्या टोकावर बसून राहतात, पडदा पडला तरी उठत नाहीत आणि खुर्च्या गोळा करणाऱ्या माणसाला विचारतात, "खरंच संपलं का हो?" मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. 'मोडतो' हा शब्द वाचकांनी अगदी शब्दशः घ्यावा.

त्यातून माझा आजार जरा परदेशी बनावटीचा. चारचौघांची राहिलेली गाणी शिवाजी मंदिरात नाहीतर बालगंधर्वला राहतात. माझी राहिली होती थेट डब्लिनला. यू टू नावाचा एक बँड आहे. डब्लिनच्या शाळकरी पोरांनी १९७६ साली काढलेला. गाणारा बोनो, गिटारवाला एज, बेसवाला अॅडम क्लेटन आणि ड्रमवाला लॅरी मलन. "एज हे काय माणसाचं नाव आहे?" असं आमच्या मातोश्रींनी एकदा विचारलं होतं. मी 'एज म्हणजे धार' असं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. कानाला लागते खरी."

या बँडवरून माझं आणि आमच्या मेहुण्याचं २०१९ सालापासून भांडण चालू आहे. मेहुणा चार्टर्ड अकाउंटंट आहे. तो आयुष्याचा ताळेबंद दरवर्षी ३१ मार्चला मांडतो आणि तो जुळतो, हेच त्याचं दुःख असावं. त्याचं म्हणणं असं :

"भाऊजी, तिकीट काढणारा माणूस म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला जे हवं ते दुकानदारानं द्यायचं. उडप्याकडे जाऊन आपण मसाला डोसा मागतो. तो म्हणाला, 'आज डोसा नाही, आज मी तुम्हाला माझ्या आजीची आमटी घालतो, ती मी आजपर्यंत कुणालाच वाढलेली नाही,' तर चालेल तुम्हाला? लोकांनी पैसे मोजलेत ते माहितीतल्या गाण्यांचे. तीच वाजवा, आणि घरी जा."

आता हा युक्तिवाद बिनतोड आहे. बिनतोड युक्तिवादाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नसतं; घरी येऊन रात्री दीड वाजता ते सुचतं आणि मग लेख लिहावा लागतो. हा तोच लेख.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कुठल्याही बँडनं दर कार्यक्रमात, आजपर्यंत न वाजवलेलं किंवा वर्षानुवर्षं अडगळीत टाकलेलं एक तरी गाणं वाजवलंच पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे, ती देणी चुकती करणं आहे. आणि श्रोत्यांनी ते चूप बसून ऐकलं पाहिजे. हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं; त्याच्याकडे मी ओघानं येतोच.

आधी माझं देणं सांगतो.

१९८७ सालच्या मार्च महिन्यात यू टूची 'द जोशुआ ट्री' ही तबकडी निघाली. आमच्यापर्यंत ती पोचली कॅसेटच्या रूपात, आणि तीही एकट्याच्या ऐपतीची नव्हती म्हणून मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र अशा दोघांनी निम्मे निम्मे पैसे काढून घेतली. टेपरेकॉर्डर माझ्याकडे होता, म्हणून न्यायानं कॅसेट त्याच्याकडे. त्यामुळे दोघांपैकी कुणालाच दुसऱ्यावाचून ती ऐकता येत नसे. संयुक्त मालमत्ता टिकवायची असेल तर याहून चांगली व्यवस्था नाही, हे मेहुण्याला देखील मान्य आहे.

या कॅसेटच्या पहिल्या बाजूला पहिली तीन गाणी अशी आहेत की, ती ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनाही ठाऊक असतात. मेहुण्याच्या मते यू टू म्हणजे ती तीन गाणी. पण कॅसेट उलटवली की दुसऱ्या बाजूला पहिलंच गाणं येई 'रेड हिल मायनिंग टाऊन'. ब्रिटनमध्ये मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर कोळसा खाणकामगारांचा संप चालला, त्याची पार्श्वभूमी या गाण्याला आहे. पण हे मोर्च्याचं गाणं नाही. काम गेलेल्या माणसाच्या घरात नवरा-बायकोचं काय होतं, त्याचं आहे.

माझा मित्र लालबागला राहायचा. वडील गिरणीत. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ रोजी. अडीच लाखांच्या घरात कामगार होते त्या संपात. आम्ही कॅसेट घेतली तेव्हा त्याला पाच वर्षं उलटून गेली होती आणि मित्राचे वडील परत कामावर गेलेले नव्हते. आई घरात खानावळ चालवायची. दहा-बारा माणसं जेवून जायची आणि वडील वाढपी व्हायचे. आयुष्यभर मागावर हुकमत चालवलेला माणूस लोकांना पोळी वाढताना कुणाच्याही तोंडाकडे बघत नसे.

आमचं इंग्रजी त्या वेळी असं होतं की, गाण्यातले निम्मे शब्द कळायचे आणि उरलेले आम्ही आपसांत वाटून घ्यायचो. पण ते गाणं तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मित्र म्हणाला, "हा माणूस कधी आमच्या खोलीत येऊन गेला होता का रे?" एवढंच बोलला. मग नेहमीप्रमाणे पेन्सिल घालून कॅसेट मागे फिरवली. टेपरेकॉर्डरचं रिवाइंड आमच्या घरी वीज वाचवण्यासाठी निषिद्ध होतं.

तर हे गाणं बँडनं कार्यक्रमात वाजवलं नाही. त्या वर्षी नाही, पुढल्या वर्षी नाही. खरं तर आधी ते वेगळ्या तबकडीवर काढायचा बेत होता. नील जॉर्डनसारख्या दिग्दर्शकाकडून त्याची फिल्मसुद्धा काढून झाली होती. पण दौऱ्याच्या तालमी सुरू झाल्या आणि बोनोसाहेबांच्या लक्षात आलं की, स्टुडिओत एकदा गाठलेल्या त्या वरच्या पट्टीतल्या जागा रोज रात्री गाठायच्या म्हणजे गळ्याचं काही खरं नाही. गाणं बाजूला पडलं. त्या तबकडीवरच्या अकरा गाण्यांपैकी दहा गाणी कधी ना कधी वाजली. हे एकच राहिलं. दहा भावंडांना शाळेत घातलं आणि अकराव्याला 'तू घर सांभाळ' म्हणून सांगितलं, त्यातला प्रकार.

'राहिलेलं गाणं' ही केवळ माझी एकट्याची खोड असती तर मी लेख लिहिला नसता, डॉक्टरकडे गेलो असतो. पण प्रत्येक बँडच्या भक्तांत ही यादी असते. भजनी मंडळात जसं कुणी कधी कुठला अभंग कुठे म्हटला याची तोंडी बखर असते, तशी. याच यू टूचं 'अॅक्रोबॅट' हे १९९१ च्या 'आख्टुंग बेबी'मधलं गाणं. भक्तांनी त्यासाठी धोशा लावला, गाऱ्हाणी घातली. ते पहिल्यांदा वाजलं २ मे २०१८ रोजी, अमेरिकेत टल्सा नावाच्या गावी. म्हणजे साडेसव्वीस वर्षांनी. आपल्याकडे दिवाणी दावासुद्धा काही वेळा त्याच्या आधी निकालात निघतो.

आयर्न मेडन नावाचा इंग्रजांचा बँड आहे. त्यांचं 'अलेक्झांडर द ग्रेट' हे साडेआठ मिनिटांचं गाणं १९८६ चं. शिकंदराचं अख्खं चरित्र. १ फेब्रुवारी २००८ ला ही मंडळी आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेली. त्यांचा तो जगभरचा दौरा सुरूच मुंबईपासून झाला होता, आणि तोही ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा. पण शिकंदर काही आला नाही. मूळचा शिकंदर निदान पंजाबपर्यंत येऊन परत गेला होता. हा बांद्र्यापर्यंतही पोचला नाही. तो शेवटी अवतरला २८ मे २०२३ रोजी, स्लोव्हेनिया देशात, लुब्लियाना मुक्कामी. सदतीस वर्षांनी! खऱ्या शिकंदराचं अख्खं आयुष्य तेहेतीस वर्षांत आटोपलं होतं.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेऊ. मी काही एकतर्फी माणूस नाही. दोन्ही बाजू ऐकून घेऊन मग माझीच बाजू मांडणारा माणूस आहे.

पहिला मुद्दा : काही गाणी रंगमंचावर वाजवताच येत नाहीत. हा मुद्दा मी मान्य करतो, आणि त्यासाठी बीटल्सचा दाखला मीच देतो. बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी ऑगस्ट १९६६ च्या पहिल्या आठवड्यात निघाली आणि त्याच महिन्यात ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. पण त्या ताज्या तबकडीवरचं एकही गाणं त्यांनी दौऱ्यात वाजवलं नाही. उलट्या फिरवलेल्या फिती, एकावर एक चढवलेले आवाज हे सगळं चौघांनी उभं राहून करायचं कसं? त्यात समोरच्या पोरी इतक्या किंचाळायच्या की, खाली काय वाजतंय ते वाजवणाऱ्यांनाही ऐकू येत नसे. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कात शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंदच केले. त्यानंतर चार वर्षं जी गाणी त्यांनी केली, ती जवळजवळ सगळीच श्रोत्यांपुढे यायची राहिली.

त्यातल्या एका गाण्याशी आपलं, म्हणजे मुंबईकरांचं, नातं आहे. जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला होता, तो फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर काम करायला. तिथे 'द इनर लाइट' या गाण्याचं सगळं वादन ध्वनिमुद्रित झालं. गाणं बीटल्सचं, बासरी-सरोद आपल्या मातीचं. बीटल्सनी ते कधीही लोकांसमोर वाजवलं नाही. हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. बरोबर वर्षानं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला, तेव्हा जेफ लिननं ते गायलं आणि सतारीवर अनुष्का शंकर होती. म्हणजे 'वाजवता येत नाही' हे खरं नव्हतंच. वाजवता आलं. फक्त ज्याचं होतं तो ऐकायला नव्हता. हा मुद्दा मी तूर्त इथेच सोडतो; तो पुढे मला वेगळ्या वाटेनं भेटणार आहे.

दुसरा मुद्दा मेहुण्याचा आवडता : लोकांनाच नकोत ही गाणी. "लोकशाही आहे भाऊजी! मतदान घ्या." तर तेही झालेलं आहे. मेटॅलिका या बँडनं २०१४ साली चक्क निवडणूक लावली. तिकीट काढलं की मतदानाचा हक्क, आणि निवडून येतील ती गाणी त्या रात्री वाजवायची. दबलेल्या, पिचलेल्या, वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या गाण्यांना केवढी ही संधी! निकाल काय लागला? बहुतेक ठिकाणी 'मास्टर ऑफ पपेट्स', 'वन', 'एंटर सँडमन' हेच प्रस्थापित पुन्हा निवडून आले. हे वाचून मेहुण्यानं टेबलावर थाप मारली. पण थांब म्हटलं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या मतदारांनी 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' हे १९८८ चं गाणं निवडून आणलं. सव्वीस वर्षांत बँडनं ते एकदाही पूर्ण वाजवलेलं नव्हतं. २८ मे २०१४ ला वाजवलं. आकाश कोसळलं नाही. उपाहारगृहं ओस पडली नाहीत. लोकांना नको असतात हे खरं नाही. लोकांना विचारलं की, त्यांच्या तोंडी आधी पाठ असलेलं येतं एवढंच. शाळेत गुरुजींनी 'कविता म्हण' म्हटल्यावर आपल्या तोंडून काय आपली आवडती कविता येते? पाठ असलेली येते.

तिसरा मुद्दा : गाणं त्यांचं आहे, वाजवायचं की नाही ही त्यांची मर्जी. हे मात्र मला साफ अमान्य. गाणं त्यांचं होतं तोवर होतं. एकदा ते आम्हाला विकलं, आमच्या घरात तीस वर्षं राहिलं, आमची लग्नं, बदल्या, आजारपणं त्यानं पाहिली. आता मालक म्हणणार की ही खोली माझी? मुंबईच्या माणसाला हे सांगू नका. तीस वर्षं घरात राहिलेलं गाणं पागडीचं झालं. मालकाला भाडं मिळेल, पण निदान एकदा येऊन छपराची डागडुजी तरी करून जा, असं म्हणायचा हक्क भाडेकरूला आहेच.

चौथा मुद्दा जरा झोंबणारा आहे, आणि तो मेहुण्यानं नेमका जेवताना काढला. "तुम्हाला ते गाणं हवं नसतं भाऊजी. इतरांना माहीत नसलेलं गाणं तुम्हाला माहीत आहे, हे लोकांना कळायला हवं असतं." माझा घास तोंडातच राहिला. कारण यातलं निम्मं खरं आहे. मैफलीत शेजाऱ्याच्या कानाशी लागून 'हा राग आता कोण गातंय हो!' असं म्हणणारा जो गृहस्थ असतो, तो ऐकत किती असतो आणि मिरवत किती असतो, हे त्या रागालाच ठाऊक. मीही मिरवलं आहे. नाही कशाला म्हणू? पण निम्मं खरं म्हणजे निम्मं खोटंही. त्या खोट्या निम्म्याचा पुरावा देण्यासाठी मला नेरुळला जावं लागेल.

वाचकहो, २०१७ साली 'द जोशुआ ट्री'ला तीस वर्षं झाली म्हणून यू टूनं ती संपूर्ण तबकडी ओळीनं वाजवत जगभर फिरायचं ठरवलं. संपूर्ण म्हटल्यावर अकराव्या भावंडाला वगळायची सोय राहिली नाही. १२ मे २०१७ ला व्हँकुव्हरमध्ये 'रेड हिल मायनिंग टाऊन' पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं. आणि २०१९ साली दौऱ्याचा शेवटचा मुक्काम पडला आपल्याकडे! १५ डिसेंबर, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम.

मी, ही आणि मेहुणा असे तिघं हार्बर लाइननं गेलो. तिकिटाचे पैसे ऐकून हिनं "एवढ्यात माझी एक पाटली झाली असती" असं नोंदवून ठेवलं होतं. पहिली बाजू वाजली. मेहुण्याची तिन्ही गाणी एकामागून एक झाली. हजारो माणसं हजारो फोन वर धरून ती बघत होती. कानानं ऐकायची गाणी हातानं ऐकायची पद्धत आता आलेली आहे. मेहुणा बेभान होऊन ओरडत होता, आणि खोटं कशाला सांगू, मीही ओरडत होतो. प्रसिद्ध गाणी वाईट असतात असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

मग बाजू उलटली. मागच्या भल्याथोरल्या पडद्यावर ब्रास बँडवाले दिसू लागले, आणि बत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते गाणं सुरू झालं.

त्याच क्षणी माझ्या पुढची संपूर्ण रांग उठली आणि खायला निघून गेली.

अतिशयोक्ती नाही. लोकांनी आपसांत जणू ठरवून घेतलं होतं की, मध्यंतर कार्यक्रमपत्रिकेत नसलं तरी ते हेच. "सँडविच आणू का?" "टॉयलेट कुठंय?" "हे कुठलं गाणं?" शेवटचा प्रश्न आमच्या मेहुण्याचा. मी त्याच्याकडे असं पाहिलं की, तो सँडविच आणायला गेला.

मित्र असता तर काय म्हणाला असता, ते मी ऐकायचा प्रयत्न करत होतो. तो २०१६ च्या पावसाळ्यात गेला. म्हणजे व्हँकुव्हरच्या आधी दहा-अकरा महिने. शेवटी भेटलो तेव्हाही आमचं बोलणं तेच : "वाजवतील रे एकदा. गळा बसला तर बसू दे." त्याला ते गाणं मिरवायचं नव्हतं. लालबागच्या त्या खोलीत त्याच्याखेरीज ते कुणाला माहीतही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की, ज्या माणसानं आपल्या घरातलं न सांगता ओळखलं, त्यानं एकदा चार माणसांसमोर उभं राहून ते म्हणावं. छापील कागदावर सही-शिक्का असतो ना, तसं. ते झालं. दहा-अकरा महिने उशिरा झालं. आणि आमच्या गावी झालं तेव्हा लोक सँडविचच्या रांगेत होते.

मेहुण्याला माझं उत्तर आहे ते हे. गिऱ्हाईक आणि दुकानदार हा हिशेब डोशाला लागू आहे. डोसा उद्याही मिळतो. गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य या दोन नाशवंत वस्तू आहेत, आणि नाशवंत माल 'पुढल्या खेपेला बघू' म्हणून कोठारात ठेवायचा नसतो. बोनो नेरुळला आला तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. सत्तावीसाव्या वर्षी ज्या जागांना तो भ्याला, त्या एकोणसाठाव्या वर्षी त्यानं घेतल्या. काही लागल्या, काही हुकल्या, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. मग ती तीस वर्षं कशाला गेली? हुकण्याच्या भीतीपायी! हुकलं असतं तर आम्ही सावरून घेतलं असतं. भक्त असतात कशाला?

म्हणून माझी मागणी आहे. एस.टी.च्या गाडीत जशा आमदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी राखीव जागा असतात, तसं प्रत्येक कार्यक्रमात एक गाणं राखीव ठेवा. एस.टी.तल्या राखीव जागेवर आमदार बसलेला मी आजवर पाहिलेला नाही, पण पाटी असते. निदान पाटी तरी लावा! आणि हे गाणं चालू असताना श्रोत्यांसाठी तीन नियम करा. एक, उठायचं नाही. दोन, फोन वर धरायचा नाही. तीन, 'हे कुठलं?' असं विचारायचं नाही. शेजाऱ्याचे डोळे पुसून झाल्यावर तो आपण होऊन सांगेल. याच यू टूचं १९८३ च्या 'वॉर'मधलं 'ड्राउनिंग मॅन' हे गाणं नेरुळच्या त्या रात्रीपर्यंत एकाही कार्यक्रमात पूर्ण वाजलेलं नव्हतं. ते ऐकायला कुठे कुठे कोण कोण थांबलेलं असेल. त्यांच्यासाठी म्हणतोय मी. माझं वाजलं.

हा लेख इथपर्यंत लिहून मी हिला वाचून दाखवला. आमच्याकडे तशी पद्धत आहे. संपादकांच्या आधी एक संपादक घरात असतो. ही भाजी निवडत ऐकत होती. शेवटापर्यंत काही बोलली नाही. मला वाटलं, हेलावली असावी.

"अहो," ती म्हणाली, "बत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"मग?"

"दर रविवारी तुम्ही काय मागता?"

"बटाट्याची भाजी आणि पुऱ्या," मी अभिमानानं म्हणालो. "तुझ्यासारखी कुणाला जमत नाही."

"तेच. दर रविवारी तेच. पाहुणे आले की तेच. माझ्या आजीकडून मी कुयरीची भाजी शिकले होते, फणसाची. नारळाचं वाटण लावून. लग्न झाल्यावर एकदा करू का म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, 'ते कशाला? बटाट्याचीच कर, सगळ्यांना आवडते.' त्यानंतर मी कधी केली नाही. आता वाटण नीट आठवतंय की नाही, कोण जाणे."

मी कागदांकडे पाहिलं. ताळेबंदाच्या नेमक्या कुठल्या बाजूला मी उभा आहे, ते मेहुण्याला विचारावंसं वाटलं, पण तो म्हणाला असता, 'आजीची आमटी!' म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दादरच्या बाजारात गेलो आणि कुयरी शोधली. तिसऱ्या भाजीवालीकडे मिळाली. तिनं ती साफ करून द्यायचे वेगळे पैसे घेतले. घरी आणून हिच्यापुढे ठेवली.

"जमेल का, माहीत नाही हं," ती म्हणाली. "हुकली तर?"

"हुकू दे," मी म्हटलं.

दुपारी पानावर बसलो. मीठ किंचित जास्त झालं होतं, चीक हाताला लागल्यामुळे ही दिवसभर तेलानं हात पुसत होती. मेहुणा जेवायला होता. पहिला घास घेऊन त्यानं तोंड उघडलं. "ताई, हे कुठलं..." मी त्याच्याकडे नेरुळसारखंच पाहिलं. तो गप्प झाला. मग न बोलता त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.